हँडलची आतली बाजू

१

गाडी म्हातारी झाली की आधी आतून चिकट होते. बाहेरचा रंग शाबूत असतो, इंजिन ठणठणीत असतं, पण दाराच्या हँडलला हात लावावा तर बोटं काळी. नवी असताना प्लास्टिकवर एक मऊ कोटिंग दिलेलं असतं, हाताला मखमल लागावी म्हणून. दहा-बारा वर्षं ऊन खाल्लं की त्या मखमलीचा डिंक होतो. तो धूळ धरतो, केस धरतो, बाहीचे धागे धरतो, आणि ज्याने म्हणून हात लावला त्याची बोटं जपून ठेवतो.

तो डिंक काढणं हे मुक्याचं काम.

मुका काही खरा मुका नव्हता. जीभ होती, पण ती लाजऱ्या पाहुण्यासारखी. आत या म्हटलं तरी उंबऱ्यावरच अवघडून उभी. वर्कशॉपात तो पहिल्या दिवशी आला तेव्हा वस्तादांनी विचारलं, "काय रे, मुका आहेस का?" त्याला 'नाही' म्हणायला इतका वेळ लागला की नाव चिकटलं ते चिकटलंच. हात मात्र सोन्याचे. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं एक पेर नव्हतं, चौदाव्या वर्षी बॉनेटखाली चेंगरून गेलेलं. पण त्या साडेनऊ बोटांचं काम दहा बोटंवाल्यांना जमत नसे.

कामाची रीत ठरलेली. सुटणारे भाग सोडवायचे, मागे कागदी टेपवर नंबर लिहायचा, क्लिपा आणि स्क्रू डब्यात. फडकं स्पिरिटने ओलं करायचं, थबथबलेलं नाही. हात एकाच दिशेने चालवायचा. बटणांवरची चित्रं सांभाळायची, नाहीतर कोटिंगबरोबर पंख्याचं चित्रही पुसलं जातं आणि गिऱ्हाईक बोट नाचवत येतं. शेजारच्या सीटची बाजू आधी, चालवणाऱ्याची शेवटी. आणि वस्तादांचा एक नियम, जो ते दर आठवड्याला नव्याने सांगत.

"हँडलची आतली बाजू, मुक्या. जिथं बोटं वळतात ना, ती. दिसत नाही म्हणून सगळे विसरतात. तिथं कणभर जरी राहिलं, तरी आठवड्या-दीड आठवड्यात पुन्हा चिकट. मग आपल्या नावाने शंख."

त्या सोमवारी एक राखाडी गाडी आली. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका एजंटाने ती ओढून आणवली होती. तीन वर्षं एका बंद शेडमध्ये कापडाखाली पडून होती, बॅटरी मेलेली, चारही चाकं बसलेली. वस्तादांनी बॅटरी काढून फळीवर ठेवली, किल्ली आपल्या खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "चार दिवस. आतून सगळी."

मुक्याने शेजारच्या सीटकडचं दार उघडलं. हँडलवर बोटांचे ठसे होते. ठसे सगळ्याच गाड्यांत असतात. तो कधी बघत नसे. माणूस भांडी घासताना कुणाचं उष्टं म्हणून बघत नाही, तसं. पण या वेळी फडकं टेकवता टेकवता त्याचा हात थांबला.

अंगठ्याचा ठसा होता. डाव्या अंगठ्याचा. मधोमध एक तिरपी रेघ, वरच्या टोकाला किंचित वळलेली, स्वल्पविरामासारखी.

ती रेघ त्याच्या ओळखीची होती. त्याच्या बायकोच्या डाव्या अंगठ्यावर ती होती. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कात्री निसटली होती, आणि याने धावत जाऊन पट्टी आणली होती.

जगात अंगठे काय थोडे आहेत, तो मनाशी म्हणाला. आणि कापणारे काय थोडे. त्याने फडकं दाबून एकदाच ओढलं. कोटिंगचे काळे वळसे सुटले, ठसा गेला. मग त्याने आतली बाजूही पुसली, दोनदा.

२

बायको चौकातल्या टेलरबाईंच्या दुकानात शिवणकाम करायची. सकाळी दहाला जायची, संध्याकाळी सातला यायची. दमून येई, पाय वर घेऊन बसे, दिवसाचं सगळं सांगे. मुका ऐके. मधूनच "हं" म्हणे. सहा वर्षं अशी गेली होती. ती कधीकधी थांबून म्हणायची, "भिंतीला सांगितलं असतं तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता," आणि मग त्याचा चेहरा पडलेला बघून स्वतःच हसायची.

त्या दिवशी ती आली ती गुणगुणत. ताटं वाढताना गुणगुणत होती, पाणी भरताना गुणगुणत होती. मुक्याने तिच्या हातातून भांडं घेतलं आणि त्याला तिची बोटं दिसली. अंगठ्याच्या पेरावर काळा डाग.

"हे काय?"

"मशीनचं तेल असेल." तिने पदराला हात पुसला. डाग गेला नाही.

तेल पसरतं. हे पसरलं नव्हतं, दाण्यादाण्याने चिकटून बसलं होतं. मुक्याने डोळे बांधून ओळखलं असतं. तो वासही होता, गोडसर, भिजलेल्या जुन्या रबरासारखा. पण तो वास मुक्याच्या स्वतःच्या अंगाला आठ वर्षं येत होता. आपलाच असेल.

"आज ना," ती जेवताना म्हणाली, "मी इतकी हसले, इतकी हसले..." मग त्याच्याकडे बघून तिने मान हलवली. "जाऊ दे. तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला ठाऊकच आहे."

मुक्याला काहीही ठाऊक नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि घास चावत राहिला. हसवलं कुणी? आपल्याला सहा वर्षांत जमलं नाही ते कुणाला एका दिवसात जमलं? त्याच्या डोळ्यांपुढे तो एजंट आला. गॉगल कपाळावर, अंगाला अत्तर, तोंडाचा पट्टा अखंड चालू. असल्या माणसांना बोलणं म्हणजे हातचा मळ.

रात्रभर तो कूस बदलत राहिला. ती मात्र झोपेतसुद्धा हसऱ्या चेहऱ्याची होती.

३

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण काढायचं होतं. आदल्या दिवशी त्यावर नंबरची टेप लावताना झाकण कोरं होतं, हे मुक्याला पक्कं आठवत होतं. आज त्यावर चार बोटं आणि एक तळवा उमटला होता. हसता हसता कुणी थाप मारावी तसा.

सीटवर त्याने प्लास्टिक अंथरलं होतं. शेजारच्या सीटवरचं प्लास्टिक चुरगळलं होतं, मधोमध खोलगट. त्याने हात ठेवला. ऊबदार होतं. खिडकीतून ऊन येत होतं, ते तिथेच पडत होतं, म्हणून असेल. चुरगळ्यात निळ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकला होता. दोरा तर आपल्याच सदऱ्याला चिकटून घरून येतो, रोज येतो. शिवणाऱ्या बाईच्या नवऱ्याच्या अंगावर दोरा नसेल तर कुणाच्या असेल?

प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. फक्त सगळी उत्तरं एका रांगेत उभी केली की मुक्याचा हात पुढे सरकत नव्हता.

"काय रे मुक्या," शेजारी सीटकव्हरं ठोकणारा सीटवाला ओरडला, "गाडी पुसतोयस की तिची समजूत काढतोयस? अर्धा तास झाला, नुसता हात ठेवून बसलायस."

मुका उठला आणि वस्तादांकडे गेला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "ही गाडी... कुणी बाहेर काढतं का? दुपारचं?"

वस्तादांनी चष्म्यावरून पाहिलं. "बॅटरी कुठंय?"

"फळीवर."

"चाकांत हवा?"

"नाही."

"मग काय खांद्यावर घेऊन काढतात?" सीटवाला खिंकाळला. वस्ताद हसले नाहीत. "झोपला नाहीस वाटतं रात्री. डोळे बघ. स्पिरिटचा वास चढतो डोक्यात, दार उघडं ठेवून काम करत जा."

तेही एक उत्तर होतं. मुक्याने ते रांगेत शेवटी उभं केलं आणि कामाला लागला. संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या पूर्ण तळव्यावर काळे ठिपके होते. तिने साबणाने घासले, ते निघाले नाहीत, तिने नाद सोडला. मुक्याच्या खिशात स्पिरिटचं फडकं होतं. त्याने ते बाहेर काढलं नाही. हा पुरावा आहे, त्याला वाटलं, आणि पुरावा पुसायचा नसतो.

४

बुधवारी दीडच्या सुट्टीत मुका डबा न उघडताच निघाला. वर्कशॉप ते चौक दहा मिनिटांची वाट. तो दुकानाजवळ पोचला, पायरीखाली थांबला, मग वर चढला. चार मशीनपैकी एक रिकामं होतं. त्याच्या सुईखाली एक निळी बाही अर्धी शिवलेली.

टेलरबाईंनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा गमतीशीर झाला. "अगंबाई! काही विसरलात वाटतं?"

"ती... कुठे?"

"कुठे म्हणजे?" बाईंनी कात्री खाली ठेवली. "आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच नाही का घेऊन गेलात?"

पलीकडच्या मशीनवरच्या दोघी मुलींनी एकमेकींकडे बघून तोंडं दाबली.

"थट्टा करताय होय माझी?" बाई हसल्या. "करा, करा. पण खरं सांगू, आम्हाला वाटायचं तुम्ही अगदीच हे आहात. आणि बघते तर काय, रोज दुपारी गाडी दारात! दार उघडून देता काय, गोष्टी सांगता काय. आमच्या ह्यांनी जन्मात सायकलच्या कॅरियरवर बसवलं नाही हो."

मुक्याला काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले. बाई आणखीच हसल्या. "बघा, आता परत लाजले!"

तो धावत परत आला. राखाडी गाडी जागच्या जागी होती. चाकं बसलेली, दाराचा आतला भाग सुटा होऊन टेबलावर पालथा पडलेला, वायरी लोंबत होत्या. सीटवाला तिच्याच बॉनेटला टेकून जेवत होता.

"ही... कुणी हलवली?"

"मी टेकून बसलोय अर्धा तास. हलली असती तर आपटलो नसतो का?" सीटवाल्याने घास थांबवला. "तुला काय झालं रे? भूत बघितल्यासारखा."

मुका वळला. तो चालवणाऱ्याच्या बाजूला गेला. त्या बाजूला त्याने अजून हात लावला नव्हता. शेवटी करायची ती बाजू. त्याने दार उघडलं आणि वाकून स्टिअरिंग पाहिलं.

त्यावर दोन हात उमटले होते. डावा पूर्ण. उजव्याचं करंगळीशेजारचं बोट आखूड होतं, एका पेराने.

त्याने आपला उजवा हात त्यावर धरला, न टेकवता, वीतभर वर. बोटाला बोट, खोबणीला खोबण जुळत होती. एकच फरक होता. मुक्याच्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. आठ वर्षांच्या स्पिरिटने त्या खाल्ल्या होत्या. मोबाईलसुद्धा त्याचं बोट ओळखत नसे. पण इथे प्रत्येक बोटाच्या टोकाला रेघा होत्या, बारीक, गोल, एकीत एक, पाण्यात खडा टाकल्यासारख्या.

दुसरा कुणी असता तर त्याला हायसं वाटलं असतं. परका पुरुष नाही, आपलाच हात आहे म्हणून. मुक्याला तसं वाटलं नाही. एजंट असता तर परवडला असता, एजंटाचा द्वेष करता आला असता. हा तर त्याच्याकडे असलेलंच सगळं घेऊन आला होता, आणि वर त्याच्याकडे नसलेलंही.

५

त्या संध्याकाळी मुका तिच्या आधी घरी येऊन बसला. ती आली, चप्पल काढली आणि दारातच उभी राहून त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याने नजर फिरवली. सहा वर्षांत तिने त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं.

ती जवळ येऊन बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय?"

"शाळेचं."

मुक्याने वर पाहिलं.

"मला वाटायचं, परिस्थितीमुळे सोडली असेल शाळा. मी कधी विचारलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." तिने त्याच्या बाहीवरचा दोरा काढला. "मास्तरांनी धडा वाचायला उभं केलं. तोंडातून एक अक्षर फुटेना. सगळा वर्ग हसला, मास्तरसुद्धा. आणि तुम्ही दप्तर उचलून चालायला लागलात. तेरा वर्षांचं पोर! आणि मग त्या गॅरेजच्या मागे, त्या मोडक्या गाडीत..." ती थांबली. डोळे भरले होते. "पुढचं उद्या सांगतो म्हणालात. सांगाल ना?"

ही गोष्ट मुक्याने कुणालाच सांगितली नव्हती. आईला नाही, वस्तादांना नाही. ती त्याने एका माणसासाठी राखून ठेवली होती. सहा वर्षं रोज रात्री दिवा मालवला की तो मनात सुरुवात करायचा, 'ऐक, मी शाळा सोडली ना, ती...' आणि इथवर आलं की जीभ उंबऱ्यावर थांबायची. उद्या सांगू. उद्या.

आणि त्या दुसऱ्याने ती दुपारच्या सुट्टीत, गाडी चालवता चालवता, सहज सांगून टाकली होती.

"तुमचा हात द्या ना," ती म्हणाली, "गाडीत धरला होता तसा."

त्याने हात दिला. तिने तो धरला, बोटं चाचपली, आणि तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. "दुपारी असा नव्हता," ती स्वतःशीच म्हणाली. "गुळगुळीत लागतोय."

मुक्याने हात काढून घेतला. त्या क्षणी त्याचं ठरलं.

६

गुरुवारी वस्ताद सामान आणायला गेले होते. जाताना बजावून गेले होते, "स्टिअरिंगला हात लावू नकोस. ते साबणाच्या पाण्याने, हलक्या हाताने, मी आल्यावर. घाई केलीस तर पांढरं पडेल."

ते वळणाआड गेल्याबरोबर मुक्याने स्पिरिट बाजूला सारलं आणि थिनरचा डबा उघडला. थिनर कोटिंग तर काढतंच, पण प्लास्टिकही खातं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हातमोजे थिनरने विरघळून बोटांना चिकटले, ते त्याने ओरबाडून फेकले आणि उघड्या हातांनी घासायला लागला.

कोटिंग सुटेना. एरवी वळसे होऊन निघतं, आज ते ताणलं जात होतं, फडक्याबरोबर येऊन परत जात होतं. ऊबदार होतं. गाडीत ऊन होतं, त्याने स्वतःला सांगितलं, आणि पाहिलं तर ऊन अजून दाराशीही आलं नव्हतं. त्याने जोर केला. फडकं घसरलं आणि त्याचा उजवा हात सपाट त्या ठशावर बसला. बोटाला बोट, आखूड बोटाला आखूड.

खालून दाब आला.

जोराचा नाही. कुणी काचेपलीकडून तळव्याला तळवा लावावा तेवढाच. बोटांच्या टोकांना रेघा लागल्या, त्याच्या गुळगुळीत कातडीला त्या खरखरीत, जिवंत लागल्या. आणि तो दाब रागाचा नव्हता, ते मुक्याला सर्वात असह्य झालं. समजावणीचा होता. 'थांब,' म्हटल्यासारखा, 'ऐकून तरी घे.' बोलायची सवय असलेल्या माणसाचा हात होता तो.

"गप्प," मुका मोठ्याने म्हणाला. "गप्प बस!"

तो घासत राहिला. स्टिअरिंग घासलं, गिअरची मूठ घासली, बटणं घासली. पंख्याचं चित्र गेलं, दिव्याचं गेलं. दाराचं हँडल घासलं. खांदा भरून आला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, थिनरमुळे. तो थांबला तेव्हा प्लास्टिक भुरकट पांढरं, कोरडं ठक्क झालं होतं. कुठेही काही नव्हतं. काळी फडकी त्याने गोळा करून पिंपात टाकली आणि वर झाकण दाबलं.

वस्तादांनी परत आल्यावर बघितलं आणि भुरकट स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. शेवटी म्हणाले, "तुझ्याकडून? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, मुक्या." भाग त्यांनी स्वतःच परत बसवले. दुसऱ्या दिवशी एजंट कुरकुरत गाडी घेऊन गेला.

गुरुवारी संध्याकाळी मात्र मुका हलक्या अंगाने घरी गेला. आता सांगायचं, त्याने ठरवलं होतं. पुढचं आपण सांगायचं. ती खिडकीशी बसली होती, दिवा न लावता.

"दुपारी पायरीवर उभी होते," ती म्हणाली. "अडीचपर्यंत. पोरी हसत होत्या."

"ऐक," मुका म्हणाला. जीभ उंबरा ओलांडून आत आली, आश्चर्य म्हणजे सहज आली. "मी शाळा सोडली ना, ती... मास्तरांनी उभं केलं. मी दप्तर उचललं. आणि गॅरेजच्या मागे मोडक्या गाडीत..."

तो थांबला. पुढे काही नव्हतं.

विसरल्यासारखं नव्हतं. विसरलं की निदान काहीतरी होतं हे कळतं. इथे नुसती एक साफ केलेली जागा होती, भुरकट, कोरडी. त्याने मनातल्या मनात त्या जागेवर बोटं फिरवली आणि बोटांना काहीच लागलं नाही.

"मग?" ती म्हणाली.

तो उभा राहिला. तिने उठून दिवा लावला.

७

पुढचे आठ दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता. ती बोलत नसे असं नाही, पण बोलणं कामापुरतं. 'मीठ घ्या.' 'दाराला कडी घाला.' तिची बोटं मात्र स्वच्छ होती. मुका रोज ती बघत असे आणि त्याला बरं वाटत असे. चूल विझली तरी चालेल, शेजाऱ्याच्या घरात जाळ नको, अशातलं ते बरं वाटणं होतं.

नवव्या दिवशी ती गुणगुणत आली.

"किती दिवसांनी!" ती म्हणाली. चप्पलसुद्धा काढली नव्हती. "मला वाटलं, रुसलात की काय. आणि बरं झालं, गोष्ट पुरी केलीत बाई. अर्धी ठेवून माझा जीव टांगणीला लावला होतात."

तिच्या बोटांवर काळे डाग होते. अंगठ्यावर जाड, ओला डाग.

मुक्याला सगळं आठवलं, थिनर, मूठ, बटणं, पंख्याचं चित्र. चालवणाऱ्याच्या दाराचं हँडल. त्याची पुढची बाजू. आणि जिथं बोटं वळतात ती, आतली. तिला त्याने हातच लावला नव्हता. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"काय सांगितलं मी?" त्याने विचारलं.

"परीक्षा घेताय होय माझी?" ती हसत त्याच्यासमोर बसली. "विचारा. शब्द न् शब्द सांगते. तुम्ही त्या मोडक्या गाडीत बसलात, स्टिअरिंग धरून. आणि तिथं, कुणी नसताना, आख्खा धडा म्हणालात, एकदासुद्धा न अडखळता. बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघत. आणि मग..."

मुका पुढे झुकला. त्याला ऐकायचं होतं. ते त्याचं होतं, जगात आता फक्त हिच्याजवळ उरलं होतं. आणि तेव्हाच त्याला ऐकू आलं, ती 'मग' कसा म्हणाली ते. लांबवून, शेवटी किंचित हसून. तिची ही लकब नव्हती. कुणीतरी तिला ती गोष्ट तशी सांगितली होती आणि ती जपून, जशीच्या तशी, त्या दुसऱ्याच्या आवाजात सांगत होती.

तो उठला. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून फडकं काढलं, फळीवरची स्पिरिटची बाटली घेतली.

"हात दे."

"अहो, मी सांगतेय ना!"

"सांग की. डाग वाळला तर निघत नाही."

तिने कौतुकाने डावा हात पुढे केला. त्याने तो मांडीवर घेतला. फडकं ओलं, थबथबलेलं नाही. हात एकाच दिशेने. काळे वळसे सुटू लागले.

"मग तुम्ही बाजूला बघितलंत," ती सांगत होती, "आणि त्या रिकाम्या सीटवर..."

तो अंगठ्यावर आला. आधी वरची बाजू. मग त्याने अंगठा हळूच वळवला आणि आतली बाजू घेतली, पेराच्या घडीतली, जी सगळे विसरतात ती.

"रिकाम्या सीटवर..." ती म्हणाली. थांबली. "सीटवर..."

फडकं काळंभोर झालं होतं. त्याखालून अंगठा स्वच्छ, गुळगुळीत वर आला. तिरपी रेघ कुठेच नव्हती.

तिने अंगठ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कपाळावर ती बारीक आठी होती.

"मी काय सांगत होते हो?"

जन्मात पहिल्यांदा मुक्याला चटकन उत्तर सुचलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्याने पुढचं बोट हातात घेतलं.